पेंडीचं पेनिसिलिन आणि पिंपरीचा बर्फ

पाटणकर साहेबांनी दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सबनीस, बाटली एक, औषध एक. तुमच्या रिपोर्टात ते वाघ आहे, पुण्याच्या रिपोर्टात शेळी. कोणाचं खरं मानू?"

"माझं," मी म्हणालो.

"तुमचं मी एकदा मानलं होतं. पवना नदीत तुम्ही धरलेला मासा मोजायला टेप पुरली नव्हती म्हणे."

मासा खरा होता. पण तो विषय वेगळा.

एकोणीसशे पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. पिंपरीच्या माळावर आमचा पेनिसिलिनचा कारखाना नवा कोरा उभा होता. पेनिसिलिन म्हणजे एका बुरशीनं सोडलेला रस. ही बुरशी मोठ्या टाकीत वाढवायची, तिला खाऊपिऊ घालायचं, हवा द्यायची आणि तिचा रस काढून घ्यायचा. एका अर्थी गोठाच, फक्त दूध काढणाऱ्याला एम.एस्सी. लागे. या बुरशीचं लाडकं खाणं म्हणजे मक्याचा चिकट अर्क. तो परदेशातून बोटीनं येई. बोट चुकली की आमची बुरशी उपाशी आणि दवाखान्यातला रोगी ताटकळत.

म्हणून आम्ही आणि पुण्याच्या एका लॅबनं मिळून एक काम हाती घेतलं. बुरशीला मक्याऐवजी शेंगदाण्याची पेंड चारायची. पेंड इथलीच, हवी तेवढी. मी प्रयोगासाठी इतकी पोती उचलली की आकुर्डीच्या म्हशी मला पाहून तोंड फिरवायच्या. काम जमत होतं. रस आम्ही मोजायचा, त्याच बाटलीतला पुण्यानंही मोजायचा, आणि आकडे जुळले तर पेंड मोठ्या टाकीत घालायची, असा करार होता.

मोजायची रीत सोपी. काचेच्या ताटलीत खळीसारखा थर जमवून त्यात जंतू वाढवायचे आणि मधल्या खळग्यात रसाचा थेंब सोडायचा. जिथवर जंतू मरतात तिथवर स्वच्छ कडं दिसतं. कडं मोठं, तर रस जोरदार.

थंडीत दोन्हीकडची कडी जुळी भावंडं होती. शिमगा झाला आणि फाटलं. आमचं कडं रुपयाएवढं, तर पुण्याचं दोन आण्याच्या चवलीएवढं. पुण्याच्या प्रमुख देवस्थळीबाईंनी फोनवर विचारलं, "सबनीस, तुमचं औषध इथे येईपर्यंत दमतं का हो?" बाई विदेशात शिकून आलेल्या, बोलणं मात्र सदाशिव पेठेतलंच. मी म्हणालो, औषध दमत नाही, तुमच्याकडचे जंतू पेन्शनीत निघालेत, मरायला वेळ लावतात. बाईंनी फोन ठेवला.

साहेबांनी निकाल दिला. सोमवारी शेवटची बाटली जाईल. आकडे जुळले नाहीत तर पेंडीचं काम बंद, बोटीची वाट बघायची, आणि मी पॅकिंग खात्यात. औषधाची कुपी खोक्यात घालण्यात अतिशयोक्तीला वाव नसतो, असंही ते म्हणाले.

सोमवारी मी स्वतःच बाटल्यांबरोबर निघालो. ऊन असं की माळावरचे कावळे चपला शोधत होते. आमच्या कारखान्याच्या बर्फाची पेटी भरली, बर्फात बाटल्या पुरल्या. ड्रायव्हर इस्माईलभाईंनी जीप काढली. कासारवाडी मागे पडली तेव्हा मी झाकण उघडून पाहिलं. बाटल्या काशीच्या गंगेत बसाव्यात तशा थंडगार. म्हणजे वाटेत काही होत नव्हतं.

पुण्यात पोचलो. पेटी व्हरांड्यात उतरली. मी म्हणालो, आधी सॅम्पल घ्या. बाई म्हणाल्या, "आधी बसा. उन्हातून आलात." आता ऐका. अख्ख्या पुण्यात पाहुण्याला इतका आग्रह करणारी एकच जागा होती, आणि ती नेमकी आमच्या प्रकल्पात निघाली. लिंबाचं सरबत आलं. ग्लासात बर्फ किणकिणत होता. लॅबमधली सगळी माणसं जमली, भांडण बाजूला राहिलं. दोन ग्लास मी एका दमात संपवले आणि तिसरा मागितला.

"बाई, काही म्हणा, बर्फ फर्स्ट क्लास. भुसा नाही, माती नाही. आणता कुठून?"

"धोंडिबा आणतो बाजारातून."

धोंडिबा म्हणजे त्यांचा शिपाई, मावळातला गडी. तो तिसरा ग्लास माझ्या हातात देत म्हणाला, "बाजारातनं कशाला? तुमचाच हाय की साहेब. दर खेपेला धाडताय न्हवं आमच्यासाठी?"

मी ग्लास खाली ठेवला.

"आणि बाटल्या?"

"त्या हायेत की पेटीत. म्या हातबी लावला न्हाई त्यांना."

त्याचं चुकलं कुठे? पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, एवढं त्याला घरून शिकवलेलं. पिंपरीकर भेट म्हणून बर्फ आणतात, तो त्यांनाच आधी पाजावा, हा साधा रिवाज. इस्माईलभाईही दर खेपेला दोन ग्लास पिऊन खुशीत परत येत. थंडीत सगळे चहा पीत, तेव्हा बर्फ बाटल्यांच्या वाट्याला राही. आता सरबत पोटात आणि पेनिसिलिन व्हरांड्यात. ताटल्यांचं काम जेवणानंतर सुरू होई, तोवर बाटल्या उकडत. उकाड्यात या रसाचा जोर सरतो, हे तर आम्हीच कॉलेजांत जाऊन शिकवायचो.

बाईंनी आपल्या ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्या.

"सबनीस, आपण पुरावा पितोय."

पण बाई खऱ्या शास्त्रज्ञ. उकडलेल्या बाटल्या त्यांनी फेकू दिल्या नाहीत. त्या मुद्दाम जेवणापर्यंत तशाच ठेवल्या. इस्माईलभाईंनी जीप पिंपरीला पिटाळली आणि त्याच रसाच्या, आमच्या थंड खोलीतल्या नव्या बाटल्या आणल्या. सोबत बर्फाच्या दोन पेट्या, एक बाटल्यांची, एक धोंडिबाची. नव्या बाटल्या आल्या आल्या बाईंनी त्या स्वतः घेतल्या. दोन्हींचे थेंब शेजारी शेजारी सोडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी थेट साहेबांनाच फोन लावला. उकडलेल्या बाटलीचं कडं पुन्हा चवलीएवढं. थंड बाटलीचं रुपयाएवढं, आमच्या कड्याशी जुळणारं.

साहेबांनी फोन ठेवून मला बोलावलं. "मला वाटलं होतं तुमचा आकडा खाली येईल," ते म्हणाले. "हा तर पुण्याचा वर गेला." मग त्यांनी मोठ्या टाकीच्या माणसाला बोलावलं आणि पेंडीची पोती आत घ्यायला सांगितली.

पहिल्याच खेपेला टाकीला इतका फेस आला की लोणावळ्याहून लोकांना कारखान्यावर ढग दिसला. पण तो आवरता आला, आणि रस निघाला तो जोरदार निघाला. बोट त्या वर्षीही उशिरा आली. आम्हाला ते पेपरात वाचून कळलं.

दोन संस्थांनी मिळून संशोधन करायचं तर करार, आकडे, सह्या हे सगळं लागतंच. पण पेटीत काय आहे आणि ते कोणासाठी आहे, हे मात्र पाठवणाऱ्यानं तोंडानं सांगावं. करारात ते कोणी लिहीत नाही.