आबांचं भाड्याचं घर

लग्नानंतरचं माझं पहिलं घर मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात होतं. ह्यांना तिथल्या शाळेत मास्तरकी मिळाली, आणि मी साताऱ्याकडची, ज्वारी-बाजरी सोडून नारळ-भातात येऊन पडले. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. तो भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा.

घर लांबून सुरेख दिसायचं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण, तिथल्या भाषेत खळं, मागे विहीर. लांबूनच बघून ह्यांनी ते पसंत केलं होतं. पुढचा दरवाजा उंबऱ्यात असा रुतला होता की उघडायला खांदा लावावा लागे, आणि एकदा उघडला की परत लावायच्या भानगडीत कुणी पडत नसे. न्हाणीला भिंती तीनच. चौथी कधीतरी बसली होती आणि तिच्या जागी झावळ्यांचा झाप उभा केला होता. वारा सुटला की मी अंघोळ करायची आणि ह्यांनी बाहेरून झाप धरून, पाठ करून उभं राहायचं. स्वयंपाकघराच्या छपरावरून माकडांचा जाण्यायेण्याचा रस्ता होता, त्यामुळे तिथली कौलं रोज नव्या जागी असत.

घरमालक शेजारीच राहायचे. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. उंच, हसरे, खांद्यावर पंचा. बोलायला इतके गोड की तक्रार करणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हावं.

पहिल्यांदा चुलीवर पाणी पडू लागलं तेव्हा मी त्यांना बोलावून आणलं. ते आले, चुलीशी उकिडवे बसले, तळहात पुढे करून त्यावर पाणी पडू दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तरणीबाय, ह्या गळणा न्हय. ह्या ठिबकणा. गळता तेव्हा माणूस सांगूक येणा नाय, सामान घेवन पळता."

"पण आबा, चूल विझते ना!"

"तर! उद्याच बघूया. वायच चाय टाक गो."

चहा झाला. उद्या काही आला नाही. दरवाजाचं सांगितलं, तर म्हणाले, "हय चोर येणा नाय. आणि इलोच, तर तेका तुमच्याकडे गावतला काय? मास्तराची छत्री?" न्हाणीचं सांगितलं, तर त्या उघड्या बाजूने येणारा वारा प्रकृतीला किती चांगला, हे त्यांनी मला चहाच्या दोन कपांत समजावून दिलं.

आणि संध्याकाळी त्यांच्याकडून काहीतरी यायचंच. कधी शहाळी, कधी कोकमाची ताजी सोलं, एकदा तर अख्खा कापा फणस. मी ह्यांना म्हणायची, "तुम्ही पुरुषमाणूस, तुम्ही जरा कडक बोला." हे गरे खाता खाता म्हणायचे, "अगं, त्यांचाच फणस तोंडात आहे. कडक कसं बोलू?"

शेवटी मी आबांच्या बायकोकडे गेले. काकी अंगणात सुपारी सोलत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला आणि माझा हात धरून मला आपल्या घरात नेलं.

"तुका काय वाटला, माझा घर सुका आसा?"

माजघराचा वासा मोडला होता आणि त्याला कुठल्याशा जुन्या होडीच्या डोलकाठीचा टेकू दिला होता. जमिनीवर ठिकठिकाणी पातेली मांडलेली. देवघरावर फाटकं शीड ताणलं होतं. मी बघतच राहिले.

"ह्यांचा 'उद्या' माका लग्नापासून म्हायती आसा," काकी म्हणाल्या. "तुझा नशीब, तू भाड्यान रवतंस. माका तर हय कायमचा दिल्यानी."

त्या दिवसापासून काकी आणि मी एका पक्षाच्या झालो.

आबांना एकच मुलगी, तेव्हा उपवर झालेली. अबोल. विहिरीवर भेटली की नुसती हसायची. पावसाळा सरला आणि एका सकाळी आबा आमच्याकडे आले ते खळ्यातच घुटमळत राहिले. चहाही मागेनात.

"रेडीचे पावणे येतत, चेडवाक बघूक," ते म्हणाले. "आमच्या घरात बसवूक गेलंय तर डोक्यार काय पडात, सांगूक येणा नाय. तर एक दिवस तुमच्या घरात..."

"घर तुमचंच आहे आबा," मी म्हटलं. "पण आधी कौलं परतून घ्या, न्हाणीची भिंत बांधा आणि दरवाजा लागेल असा करा."

"पावण्यांका न्हाणी कित्याक दाखवूची?"

कुंपणापलीकडून काकींचा आवाज आला, "माझ्या आवशीबापाशीन लग्नाआधी तुमची न्हाणी बघूक नाय, म्हणान मी हय आसंय!"

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, पाठोपाठ सुतार. आबा खळ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "भाडेकऱ्यांची सोय बघूक होयी, नायतर आमी मालक कसले?"

पाहुण्यांच्या दिवशी मी आमची ट्रंक, पुस्तकं, ह्यांचे कपडे सगळं लपवलं. ह्यांना बजावलं, दिवेलागणीपर्यंत शाळेतच थांबा. काकींनी आपली चटई आणि पितळी तांब्या आणून ठेवला. मुलाची आई मोठी करड्या नजरेची बाई होती. आल्याबरोबर तिने वर छपराकडे पाहिलं, दरवाजा एकदा लावून बघितला आणि पाय धुवायच्या निमित्ताने थेट न्हाणीत गेली. काकींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मुलाचे वडील मात्र पोह्यांत गढले होते. मुलगा तिकडेच लोखंडाच्या खाणीवर नोकरीला होता, तो आलाच नव्हता.

"घर बरा ठेवलास हो," ती आबांना म्हणाली.

"वाडवडलांची कृपा," आबा म्हणाले.

एवढ्यात हे आले. नेहमीच्या वेळी, नेहमीसारखे. खाली मान घालून आत शिरले, टोपी खुंटीला अडकवली, कोट काढला आणि म्हणाले, "चहा झाला का गं?" मग मान वर केली, आणि खुंटीवरची टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली.

"हे कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

"हे मास्तर," आबा म्हणाले. "हे... घरातलेच समजा."

"मगे तुमी खंयच्या घरातले?"

आबा खांद्यावरच्या पंच्याची घडी घालू लागले. हे खुंटीकडे बघत उभे. तेव्हा चटईवर बसलेल्या त्या अबोल मुलीने मान वर केली आणि सांगून टाकलं, "आमचा घर बाजूक आसा. ता गळता, म्हणान आबांनी तुमका हय बसवल्यानी. ह्या घर ह्यांका भाड्यान दिलेला आसा."

काकींनी डोळे मिटून घेतले. माझ्या हातात बशी होती, ती मी खाली ठेवली. आता उठतात आणि जातात, असंच मला वाटलं.

मुलाच्या आईने उरलेला चहा संपवला. "गळणा नाय असा घर आमच्या वाडीत एकय नाय," ती म्हणाली. "माका वाटला, तुमी कोण मोठी असामी. उठा, खरा घर दाखवा."

मग सगळी वरात शेजारी गेली. ती डोलकाठीखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कौलांतून दिसणारं आभाळ बघत म्हणाली, "माझो झील सासरवाडीक इलो तर तेका खंय निजवतलास? होडयेत?" मग मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "चेडू माका पसंत. पण लगीन ह्या घराक कौलां चढल्यार."

विहीणबाईंना 'उद्या' सांगायची आबांची छाती नव्हती. तिकडून कुणी ना कुणी बघायला येतच राहिलं. छप्पर उतरवलं तेव्हा आबा, काकी आणि मुलगी आमच्याकडे राहायला आली. काकींनी मला त्या दिवसांत माशांचं तिखलं, म्हणजे घट्ट तिखट कालवण, आणि घावणे शिकवले. मुलगी इतकी बोलू लागली की तिला गप्प करावं लागे. आबांना मात्र काहीच सोसेना. एकदा धुराने डोळे चोळत ते ओरडले, "ह्या घराचो मालक कोण मेलो? तेका वायच सांगूक होया, धूर जावक वाट नाय ती!"

"सांगान उपेग नाय," काकी म्हणाल्या.

आणि मग आबाच इतके हसले की ठसका लागून त्यांना पाणी द्यावं लागलं.

वैशाखात लग्न झालं. मुलगी रेडीला गेली, आणि आमचीही बदली निघाली. आबा रागावले. निरोपालाही आले नाहीत. पण आमची बैलगाडी वळणावर गेली तोच मागून पंचा सावरत आले आणि एसटीच्या थांब्यापर्यंत चाकाबरोबर चालत राहिले.

"घर सुका झाला, आणि तुमी निघालास," ते ह्यांना म्हणाले. "आता नवो भाडेकरू येतलो, तेका सगळा तयार गावतला. तक्रार घेवन तो कित्याक येतलो माझ्याकडे? मी तरी कसल्या निमतान तेच्या घरात जावचा?"

ह्यांनी नेहमीप्रमाणे त्यांचीच माफी मागितली. एसटी आली तेव्हा सामान टपावर चढवायला आबाच पुढे झाले.