टीचरची राजी

टीचरच्या घरात ‘बहुतेक’ हा शब्द चालत नसे. वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत, मुलींच्या शाळेत गणित शिकवत, आणि सगळी इमारत त्यांना टीचरच म्हणे. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी नागपूरहून चेन्नईला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना म्हटलं, “नळ बहुतेक संध्याकाळी येतो ना?” त्या म्हणाल्या, “येतो की नाही ते बघ, मग बोल.” त्यांचं मराठी तंजावरचं, पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्यांचं. ‘आहे’ला ‘अहे’ म्हणत, ‘मला’ला ‘मज’. ऐकायला गोड वाटे. बोलणं मात्र गोड नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी राजी अकरावीत होती. दुपारी माझ्याकडे येऊन मराठी मासिकं चाळायची. देवनागरी वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं बघायची आणि मला वाचायला लावायची. माझं तमिळ ऐकून पोट धरून हसायची. आईला घाबरायची, आणि आईची हुबेहूब नक्कलही करायची. गणितात तिला कमी मार्क पडत. ते टीचरना सहन होत नसे.

त्सुनामीच्या वर्षीची दिवाळी तोंडावर आली होती. राजी स्टेशनचा पूल ओलांडून टी. नगरला शिंप्याकडे चुडीदार आणायला गेली. शिंपी सांगतो, आली, घालून बघितला, घेऊन गेली. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नाही. दिवाळीच्या गर्दीत ती कुठे गेली ते कधीच कळलं नाही. ना ती सापडली, ना तो चुडीदार.

मग तर्क सुरू झाले. कुणी म्हणे, मुलगा असणार. कुणी म्हणे, पळवून नेली. राजीचे वडील राव रेल्वेच्या ऑफिसात होते; तिकडे ‘सर’ला ‘सार’ म्हणतात, म्हणून सगळ्यांचे राव सार. ते एका ज्योतिषाकडे जाऊन आले, त्यानं उत्तर दिशा सांगितली. पोलिसांनी मैत्रिणींना विचारून विचारून रडवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मामी एकदा टीचरकडे बसून म्हणाल्या, “मी ऐकलंय, सेंट्रल स्टेशनवर एका मुलाबरोबर होती.” टीचरनी विचारलं, “तुम्ही पाहिलंत?” “मी नाही, पण...” “सरी, बरं. कॉफी घ्या,” टीचर म्हणाल्या आणि आत गेल्या. मामींनी कॉफी पूर्ण प्यायली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, “आईच एवढी कडक असल्यावर मुलगी काय करणार?”

ओळख पटवायला सरकारी शवागारातून बोलावणं आलं, तेव्हा राव सार खुर्चीतून उठलेच नाहीत. टीचर निघाल्या, त्यांच्याबरोबर मी गेले. मला बाहेर बाकावर बसवून त्या एकट्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, “ती नव्हे. दुसऱ्या कुणाची तरी अहे. तिची आई अजून शोधत असेल.” घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली आणि शाळेच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. त्यावरही इमारतीत बोललं गेलं.

डिसेंबरच्या अखेरीस समुद्र आत आला. किनाऱ्यावरची किती माणसं गेली, आणि त्यात आमच्या इमारतीला राजीचा तर्क सापडला. कुणीतरी म्हणालं, तशीच एक मुलगी कोळ्यांच्या वस्तीत दिसली होती. राव सारांचे थोरले भाऊ म्हणाले, समुद्रानंच नेली. हा तर्क सगळ्यांच्या सोयीचा होता. त्यात कुणी मुलगा नव्हता, कुणी गुन्हेगार नव्हता, घराण्याला बट्टा नव्हता. पोलिसांनाही पुढे काही शोधायला नको होतं. दिवाळीपासून लाटेपर्यंत ती कुठे होती, हे टीचरशिवाय कुणीच विचारलं नाही.

राव सारांनी तर्क स्वीकारला. कावेरीकाठी जाऊन भावाच्या मदतीनं तिची उत्तरक्रिया केली. टीचर गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी शाळेत भूमिती शिकवली. पुढे दरवर्षी घरात श्राद्ध होऊ लागलं. गुरुजी यायच्या आधी टीचर पिशवी घेऊन बाहेर पडत. शाळेला सुट्टी असली तर माझ्याकडे येऊन बसत. खालून मंत्र ऐकू येत, आणि त्या माझ्याबरोबर भाजी निवडत. एकदा म्हणाल्या, “त्यांच्या मुलीचं श्राद्ध अहे. माझ्या मुलीचं नाही.” लोक त्यांना उघड वेडी म्हणू लागले होते. राव सार ते ऐकत आणि खाली बघत.

अशाच एका श्राद्धाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, “टीचर, तुम्हाला काय वाटतं?”

हातातली चवळीची शेंग मोडून त्या म्हणाल्या, “ती माझ्यावर रागावून गेली. आदल्या दिवशी मार्कांवरून मी फार बोलले. माझं तोंड नको म्हणून गेली.”

“असं नका म्हणू. स्वतःला दोष कशाला?”

“दोष नको तर काय, लाट हवी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही सगळे सांगता, त्यात ती मेलेली अहे, नाहीतर कुणाच्या तरी तावडीत अहे. मी सांगते, त्यात ती कुठेतरी जेवते, झोपते, मज शिव्या देते. मज तेच हवं अहे.”

काही वर्षांनी इमारत बिल्डरनं पाडायला घेतली. आम्ही जवळच दुसरी जागा घेतली. राव सार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, पुतण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. टीचर गेल्या नाहीत. राजी आली तर कुठे येईल, म्हणून त्याच रस्त्यावर एक खोली भाड्यानं घेऊन राहिल्या. साठीच्या उंबरठ्यावर दोघांनी दोन घरं केली. नातेवाइकांनी दोष टीचरनाच दिला.

आमची पुण्याला बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी पेरुंगुडीला गेले. सकाळीच श्राद्ध झालं होतं; दारात केळीची पानं पडली होती. राव सार मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. मागे वळून कुणी ऐकत नाही ना हे बघितलं आणि हळूच म्हणाले, “तिकडे तिला भेटता ना तुम्ही? राजीचं काही कळलं का, एवढं विचारा. मी विचारलं म्हणून सांगू नका.”

मी टीचरना सांगितलं. मला ते लपवून ठेवता आलं नाही. त्या गॅसजवळ उभ्या होत्या. कॉफीचं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

“कधी विचारलं? श्राद्धाच्या आधी की नंतर?”

“नंतर.”

त्या भिंतीला टेकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत. आवाज मात्र त्यांचा राहिला नव्हता.

“म्हणजे ते पण वाट बघतात,” त्या म्हणाल्या. “मग इतकी वर्षं मज एकटीलाच का वेडी होऊ दिलं?”