आगट्टुम! मग?

वाईट बातमी आली की अक्का आधी चष्मा काढायच्या. पदराने तो सावकाश पुसायच्या, पुन्हा नाकावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "आगट्टुम! मग?" आगट्टुम म्हणजे तमिळमध्ये 'असू दे'. 'मग' आपलंच. एवढ्या दोन शब्दांवर या बाईंनी आमचं अख्खं ऑफिस सांभाळलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली साताऱ्याहून तंजावूरला झाली. विम्याचं ऑफिस, आजूबाजूला सगळं तमिळ. आणि टायपिस्टच्या खुर्चीतून कुणीतरी चक्क विचारलं, "जेवण जालें कीं?" मी उडालोच! मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या घराण्यातल्या या अक्का. घरी मराठी बोलायच्या, पण देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी लिहायची ती तमिळ लिपीत.

संध्याकाळी घरी जायला त्यांना तिरुवैयारुची बस असे. एकदा ती आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी चडफडलो. अक्का म्हणाल्या, "बस गेली. संध्याकाळ कोठे गेली?" आणि निवांत मोगऱ्याचा भाव करत बसल्या.

साहेब एकदा त्यांच्यावर भरसभेत ओरडले. मला त्यांची दया आली, तर मलाच समजावू लागल्या, "चूक माझी असेल तर सुधारतें. नसेल तर ती त्यांची वस्तु. मी कां घरीं नेऊं?"

अशा बाईंची परीक्षा संगणकाने घेतली. गारेगार खोलीत सात यंत्रं आली, खोलीबाहेर चपला काढायची पाटी लागली आणि पाठोपाठ पत्रक आलं. पन्नाशीपुढच्या टायपिस्टांनी तीन महिन्यांत संगणकाची परीक्षा पास करावी, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. स्वेच्छा कुणाची, ते लिहिलं नव्हतं. अक्कांची चार वर्षं उरली होती. "उठेन," त्या म्हणाल्या, "पण माझ्या दिवशीं उठेन."

पहिल्याच दिवशी घात झाला. टाइपरायटरवर ओळ संपली की डावा हात वर जाऊन दांडा सरकवतो. तीस वर्षांची सवय ती. अक्कांची ओळ संपली, हात उडाला आणि मॉनिटरच्या कानशिलात बसला. खोलीभर हशा पिकला. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते. अक्कांनी चष्मा काढला, पण तो पुसलाच नाही. आगट्टुमही नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आल्या त्या एक जुनं पोस्टकार्ड घेऊन. "पहिल्या नोकरींत रडून वडिलांस, अप्पांस लिहिलें होतें, मज जमत नाही म्हणून. त्याचें हें उत्तर. वाचा."

कार्डावर दोनच तमिळ अक्षरं होती. बसच्या पाट्या वाचून मी तेवढं शिकलो होतो. "पळ," मी वाचलं. "म्हणजे पळून ये?"

"तमिळांत प आणि ब एकच कीं हो!"

"मग... बळ?"

"मजहि कळलें नाही. पुसावयास घरीं पोंचण्याच्या आधीं अप्पा गेले." त्यांनी कार्ड पिशवीत ठेवलं. "काल दिवसभर पळ वाचलें. आज बळ वाचतें. अक्षर त्यांचें, वाचणें माझें."

मग त्या खोलीत गेल्या आणि पहिलं काम काय केलं असेल? मॉनिटर वीतभर उजवीकडे सरकवला. "हात उडणार," त्या म्हणाल्या. "त्याला तीस वर्षें मींच शिकविलें. उडूं दे. डबा सरकवणें माझ्या हातांत अहे."

परीक्षेला मद्रासहून परीक्षक आले. सात जण बसले. पाऊण वेळ संपली आणि वीज गेली. परत आली तेव्हा सगळ्यांचे पडदे कोरे होते. कुणी कपाळावर हात मारला, कुणी देवाला बोल लावला. परीक्षकांनी फक्त वीस मिनिटं वाढवून दिली. दाराच्या काचेतून मी पाहत होतो. अक्कांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला. ओठ हलले. काय म्हणाल्या ते तुम्हाला सांगायला नको.

आणि मग सुरू झाल्या! ओळ संपली की डावा हात हवेत, ओळ संपली की हवेत. मजकूर त्यांना आता पाठच होता. सतरा मिनिटांत त्या उठल्या. प्रिंटर करकरू लागला. परीक्षकांनी कागद दोनदा तपासला आणि उभे राहून म्हणाले, "अम्मा, एकही चूक नाही!" सातांत पहिल्या! आम्ही शिट्ट्या वाजवल्या. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र रडत होत्या, अगदी उघड, हुंदके देत.

पुढे चार वर्षांनी, ठरल्या तारखेला, त्या खुर्चीवरून आपल्या आपण उठल्या. आता त्या या जगात नाहीत. त्यांची फार आठवण येते. पण डोळ्यांपुढे येते ती निकालाच्या संध्याकाळची बस. खिडकीत अक्का बसल्या आहेत, दोन्ही कडांना भोकं असलेला प्रिंटरचा तो लांबलचक कागद उलगडून कंडक्टरला दाखवताहेत. तिकिटं द्यायची सोडून तो वाचतोय, मागचे लोक खोळंबलेत, आणि अक्का म्हणताहेत, "सावकाश वाच रे, सगळें मींच लिहिलें अहे."