घरट्यावरची बेलाची पानं

आमच्या दारात बेलाचं झाड आहे. शुक्रवार पेठेतल्या एवढ्याशा अंगणात बेल, त्यामुळे श्रावणात अर्धी गल्ली पानं न्यायला आमच्याकडे येते. मला त्याचा जरा माजच आहे, खोटं कशाला बोलू?

गेल्या श्रावणात त्याच्या खालच्या फांदीवर बुलबुलाच्या जोडीनं वाटीएवढं घरटं बांधलं. दोन पिल्लं निघाली, उघडीनागडी, नुसती चोच वासून बसलेली. त्या दिवसापासून मी राखणदार झाले. मांजराला हाकललं, गल्लीतल्या पोरांना दम भरला, धुणं वाळत घालायची दोरीसुद्धा दुसरीकडे बांधली. सासूबाई पायरीवर बसून हसायच्या. "माझ्या नातवंडांचंसुद्धा एवढं केलं नाहीस की गं," म्हणायच्या.

सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून आम्ही रविवारीच तोडून ठेवतो. एकशे आठ पानं, तिन्ही दलं अखंड, कुठं भोक नको की डाग नको. त्या रविवारी शेजारणींनी वरच्या फांद्या आधीच ओरबाडल्या होत्या. चांगली पानं उरली होती ती घरट्याच्या आसपासच. मी घरट्याला हात लावला नाही. फांदीही हलू दिली नाही. जपून, एकेक करत, घरट्यावरची पानं तेवढी खुडली. पिल्लांनी चोची वासल्या तर त्यांच्याशी दोन शब्द बोललेसुद्धा.

सोमवारी पूजा आटोपून दारात आले, तर बेलावर भारद्वाज. काळं अंग, तांबूस पंख, लाल डोळा. श्रावणी सोमवारी भारद्वाज दिसला म्हणजे केवढा शुभशकुन! "आई, लवकर या, भारद्वाज आलाय," मी हाक मारली. सासूबाई गुडघ्यांवर हात टेकत आल्या. दोघींनी हात जोडले. मी तर डोळे मिटून लेकीच्या नोकरीचं मागणंही मागून घेतलं.

डोळे उघडले तेव्हा त्याच्या चोचीत पिल्लू होतं.

चप्पल भिरकावली, पण तो शेजारच्या पत्र्यावरून निघून गेला. घरटं रिकामं होतं. दुसरं पिल्लू आमच्या पूजेच्या वेळीच गेलं असणार. बुलबुलाची जोडी दिवसभर ओरडत झाडाभोवती फिरली. मी भारद्वाजाला तोंडाला येईल ते बोलले. मग मान वर करून पाहिलं, तर घरट्यावर एकही पान नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसलं असतं. भारद्वाजाला काय, भूक लागली होती. मला जेवायला जमेना.

पुढच्या रविवारी मी परडी हातात घेतली नाही. सासूबाईंनी ते पाहिलं, पण रागावल्या नाहीत. "मागच्या सोमवारचीच पानं धुऊन घे की," म्हणाल्या. "बेल शिळा होत नाही."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे मला ठाऊक होतं. घरट्यावरची पानं खुडली त्या रविवारीही आधीच्या सोमवारची एकशे आठ पानं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्येच होती. महादेवाची काही तक्रार नव्हती. ताजी, हिरवीगार पानं मलाच हवी होती.