तुतीतली चवळी

आक्काच्या सुनेचा, सुमनचा, फोन आला तेव्हा मी आष्टीच्या बाजारात भाजी घेत होतो. "मामा, आत्या गेल्या. तुतीतच..." एवढंच ती बोलली. पाला कापता कापता आक्का सरीत खाली बसली, ती उठलीच नाही. माझी थोरली बहीण. पाच आठवडे झाले. दोन वर्षांपूर्वी तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी अजून मनातल्या मनात बदलत असतो.

लिंबागणेशच्या बाजूला तिचं दोन एकर रान. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली, तुती लावली तेव्हा कुठं ती बारा महिने घरात राहिली. रेशमाच्या अळ्या वाढवायच्या शेडमध्ये ती हळू आवाजात बोलायची, अळ्यांकडं बोट करून "माणसं जेवत्यात" म्हणायची. तुतीच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात चवळी आणि मूग पेरायची. मी एकदा विचारलं, पाल्याच्या रानात हे कशाला? "तुती लई खाती जमिनीला. चवळी परत देती. शेंगा आपल्या, येल मातीचा."

दोन वर्षांपूर्वी ती बारशाला शिरूर कासारला गेली आणि दोन दिवस अळ्या माझ्यावर सोपवल्या. कोष विणायला आठवडाभरच राहिला होता. चवळीवर काळा मावा, ती बारकी कीड, दिसला. आक्का आल्यावर खूश होईल, म्हणून शेजारचा पंप आणून मी औषध फवारलं. अगदी वाकून, फक्त चवळीवर... असं मला वाटलं. संध्याकाळी त्याच ओळींमधला तुतीचा पाला अळ्यांना घातला. सकाळी अळ्या माना उंचावून हिरवं पाणी ओकत होत्या, पिळवटत होत्या. दुपारपर्यंत शेड गप्प झालं.

आक्का आली. एक पान उचलून तिनं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. "फवारलंस का?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. बांधाच्या कडेला खड्डा घेतला, टोपल्या मी वाहिल्या. गावातली माणसं बघायला आली, तेव्हा मातीचे हात पदराला पुसत ती म्हणाली, "माझ्याच हातनं झालं." मी शेजारी रिकामी टोपली धरून उभा होतो. त्यानंतर दर भेटीत सांगू म्हणायचो. ती चहा पुढं करायची, आणि राहून जायचं...

परवा गेलो. शेड सुरू आहे, सुमन बघते. पाला टाकण्याआधी तिनं प्रत्येक भाऱ्यातलं एकेक पान चावलं, थुंकलं, थोडा वेळ थांबली.

"आत्यांची सवय," ती म्हणाली. "ती बॅच मेली तवापासनं. पाल्याला औषध लागलंय का बघायच्या. मी म्हणायचे, तुमाला काय झालं तर? ऐकायच्या न्हाईत. तुमाला म्हाईत हाय का मामा, त्या येळी काय झालतं?"

मी सांगितलं. पंपापासून, 'न्हाई'पर्यंत सगळं.

 सुमननं पुढच्या भाऱ्यातलं पान तोडलं, तोंडात घातलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी बाहीर बसा, मामा. माणसं जेवायची हायेत."