विरोधीमामांची शेवटची सभा

विरोधीमामांच्या तोंडून पहिल्या फटक्यात 'हो' कधी निघालं नाही. चहा घेता का, असं विचारलं तरी आधी 'नाही' यायचं, मग बशी पुढे. शेलूबाजारजवळ त्यांचा भाजीचा मळा. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या मांडून बसले की गिऱ्हाइकं कमी आणि वाद घालणारेच जास्त. मामी वैतागायच्या, "भाजी सुकून राह्यली, आन् तुमी जगाचा निवाडा करा!"

आमच्याकडे गणपतीत एका संध्याकाळी जाहीर वादविवाद होतो. एका वर्षी विषय होता अणुवीज. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून बाजूने मी. विरोधात अर्थातच मामा. म्हणाले, "चुलीची राख उकिरड्यावर जाते. ह्या चुलीची राख कोठी टाकसान, मास्तरीणबाई?" मी म्हटलं, सगळ्यावर कम्प्युटरची नजर असते. झालं, आयतीच सापडले! "ज्या डब्ब्याले व्हायरसनं पडसं होते, त्याच्या हाती अणू देऊन राह्यले?" लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. मी सपशेल हरले, आणि खरं सांगायचं तर राखेच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

तेव्हापासून मामांच्या शब्दाला वजन आलं. मोबाईलवर अनोळखी लिंक आली, तरी लोक आधी त्यांना दाखवायचे. "घाबराची लाज कायले?" ते म्हणायचे. "मी तं घाबरतोच."

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आलात, किरणांचा शेक घ्या, बरे व्हाल. मामा बसस्टँडवरून थेट मळ्यात गेले आणि वांग्यांना पाणी देत बसले. मी समजवायला गेले.

"मामा, ही अणुभट्टी नाही. औषध आहे."

"किरणं तं किरणंच. भर सभेत मी त्याले नाही म्हनलं. आता चोरासारखा त्याच्याच दारी जाऊ? लोक काय म्हनतीन?"

त्या हट्टाचा मला इतका राग आला की मी तिथून तडक निघून आले. पुढे कित्येकदा गेले. दर वेळी तेच. काढे झाले, झाडपाला झाला, आवाज बसत गेला. शेवटी एक दिवस मामी त्यांच्यासमोर बसल्या. "जलमभर तुमचं ऐकलं. आता माह्यं एक डाव ऐका." मामा मुकाट उठले, पिशवी घेतली आणि त्यांच्यासोबत अकोल्याला गेले. डॉक्टरांनी तपासलं. गाठ पसरली होती. आता शेक देऊन उपयोग नव्हता.

दिवाळी मामांनी पाहिली नाही. पण त्या वर्षीच्या वादविवादाला ते आले. दोघांनी धरून त्यांना मंचावर चढवलं. मी माईक त्यांच्या ओठांशी धरला. आवाज नुसता खरखरत होता.

"राखेचं मी बोललो, थे आजबी बोलतो," ते म्हणाले. "पन डॉक्टरच्या मशीनले नाही म्हनू नका. मी म्हनलं. चुकलं माह्यं."

इतक्या वर्षांत मामा पहिल्यांदाच स्वतःच्या विरोधात बोलले होते. लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मी माईक खाली घेतला.

पुढच्या रांगेतून मामी उठल्या.

"टाळ्या कायले वाजवून राह्यले रे?" त्या ओरडल्या. "माहा मानूस चालला."