ओट्याची उरलेली पायरी

गोदूताईंच्या ओट्याला एकेकाळी चार पायऱ्या होत्या. आता एक उरली होती. बाकीच्या तीन कुणी मोडल्या नाहीत. त्यांच्यावर रस्ता चढला.

अलिबाग ही आंग्र्यांची राजधानी. गलबतं गेली, दरबार गेला, राजधानीत राहत असल्याचा ताठा मात्र आळीआळीत शिल्लक राहिला. गोदूताईंची गोलंदाज आळी आणि पाठीमागची सुतार आळी यांच्यात पावसाच्या पाण्यावरून चुरस होती. एकीत पाणी तुंबलं की ती नगरपालिकेत जाऊन आपला रस्ता उंच करून घेई. मग पाणी दुसरीत. पुढच्या निवडणुकीला दुसरी उंच होई. जुना थर आधी उकरावा असं कुणी सुचवत नसे, कारण मग उंची कशी वाढणार? नव्या इमारतींनी जोती उंच घेतली. जुनी बसकी घरं दोनच राहिली. या आळीत गोदूताईंचं आणि त्या आळीत त्यांच्या नणंदेचं, मधुवन्संचं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून गोदूताई दुपारी ओट्यावर बसत. पूर्वी तिथून माणसांची टाळकी दिसत, आता स्कूटरचे सायलेन्सर. तरी बसत. आणि आता गोलंदाज आळीवर आणखी एक थर पडणार होता. म्हणजे रस्ता ओट्याच्या वर, आणि पावसाचं पाणी सरळ माजघरात.

"आई, बिल्डरला देऊन टाक," पुण्याहून अजेय म्हणाला. "किती दिवस रस्त्याशी भांडशील?"

"मी कुठे भांडतेय? तोच घरात येतोय."

आळीत कुणी बाजू घेईना. समोरची हेतल म्हणाली, "काकी, तुमच्या एका घरासाठी आख्ख्या आळीनं पाण्यात राहायचं का?" मागचे तिन्ही थर मागायला नगरपालिकेत गोदूताईच पुढे होत्या.

शेवटी त्या वन्संकडे गेल्या. मागच्या थरापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

वन्सं तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तू कशी आलीस?"

गोदूताईंनी सगळं सांगितलं.

"माझ्या स्वयंपाकघरात पाण्याबरोबर बेडूक शिरले, तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"आठवत नाही."

"म्हणालीस, वन्संना तेवढीच सोबत."

"असं म्हणाले असेन," गोदूताई म्हणाल्या.

वन्संनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तो ओटा माझ्या बाबांनी बांधलाय. म्हणून येते, तुझ्यासाठी नाही. आणि खुर्च्या तुमच्या आळीच्या तोंडाशी टाकायच्या. तुझ्या आळीला दिसू दे, कोण अडवतंय ते."

गुरुवारी सकाळी काँक्रीटची गाडी आली, तेव्हा आळीच्या तोंडाशी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि त्यांत दोघी. ठेकेदाराचा सुपरवायझर केतन खाली उतरला.

"आजी, जरा बाजूला व्हा ना."

"आधी जुना रस्ता उकर," वन्सं म्हणाल्या. "मग घाल हवा तेवढा."

"उकरायचं टेंडरमध्ये नाय."

"आम्हीपण नाही. तरी बसलोय."

"अवो, माल गाडीत घट्ट होईल."

"होऊ दे."

हेतलनं ड्रायव्हरला चहा आणून दिला. खुर्च्यांकडे पाहिलं नाही. केतन फोनवर बोलत लांब गेला, परत आला आणि त्यानं ड्रायव्हरला खूण केली. गाडी मागे हटली आणि निघून गेली.

"जिंकलो की काय?" गोदूताई म्हणाल्या.

"एवढ्यात उठू नकोस," वन्सं म्हणाल्या. "परत येतील."

दोघी बसून राहिल्या. थोड्या वेळानं घरांच्या पलीकडून घरघर ऐकू येऊ लागली. दोन्ही आळ्यांचं काम एकाच ठेकेदाराकडे होतं. माल फुकट घालवण्यापेक्षा त्यानं सुतार आळीचा नंबर आधी लावला होता. तिथे अडवायला कुणी नव्हतं. अडवलं असतं ते माणूस इथे खुर्चीत होतं.

त्या पोचल्या तेव्हा वन्संच्या दारापुढून ओलं काँक्रीट सपाट पसरलं होतं, उंबऱ्याच्या वीतभर वर. मजुरांनी आत जायला अदबीनं फळी टाकून ठेवली होती.

"वन्सं..."

"बोलू नकोस." वन्संनी पायानं फळी दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "निवडलेले तांदूळ आत आहेत. तेवढे घेऊन ये."

केतननं सांगितलं, गोलंदाज आळीचं आता दिवाळीनंतर बघू. पाणी या पावसात गोलंदाज आळीत येणार होतं, पण पायरीपर्यंतच.

संध्याकाळी गोदूताईंनी मुलाला फोन केला. "ओटा वाचला."

"वा. मग आवाज असा का?"

"तुझी आत्या राहायला आलीय. तुझ्या खोलीत."

"किती दिवस?"

गोदूताईंनी दारातून बाहेर पाहिलं. त्यांच्या नेहमीच्या जागेवर वन्सं बसल्या होत्या आणि एका स्कूटरवाल्याला थांबवून तो कुणाचा कोण ते विचारत होत्या.

"माहेरी आलेल्या बाईला हे कसं विचारायचं?" गोदूताई म्हणाल्या, आणि चहाला आणखी एक कप पाणी वाढवायला आत गेल्या.